खाली जाणारी खुर्ची आणि फुकटीचे मागचे पाय

मी एक जुनी खुर्ची आहे, मित्रांनो. सलूनमधली. आई दंड धरून बसवते आणि तुम्ही भोकाड पसरता, ती. मला पाठ आहे, दोन हात आहेत, एक जाडजूड पाय आहे आणि डोकं टेकायला उशी आहे. स्वतःचं डोकं नाही. त्यामुळे आयुष्यात फारसा त्रास झाला नाही.

खोड म्हणाल तर एकच. माझ्यावर कुणी बसलं की मी हळूहळू खाली जाते.

जन्मतः अशी नव्हते. कारखान्यात माझं बूड ओतलं तेव्हा ते एका माणसाला उचलेना. वर लाल कातडं ताणून बसवलं, हातांना चकाकी दिली आणि पोटात तेलाचा पंप घातला. बाजूचा दांडा पायाने दाबला की गिऱ्हाईक वर. मी दुकानात नवी आले तेव्हा गल्लीतली माणसं नुसती वर-खाली व्हायला यायची. दाढी नको, कटिंग नको. "वर न्या. हां. आता खाली आणा. झालं, येतो." लोक आरशात स्वतःकडे बघायच्या आधी माझ्याकडे बघायचे.

मग एकदा फौजदार आले. दाढी झाली, चंपी झाली आणि साहेबांना झोप लागली. मी होते पार वरच्या टोकाला. फौजदाराला उठवायचं कुणी? मालकाने हवालदाराकडे बघितलं. हवालदाराने छताकडे बघितलं. दुपार सरली, दिवे लागले, साहेब घोरतायत. त्या वजनाने माझ्या पोटातलं कसलंसं रबर फाटलं, तेल गळायला लागलं आणि साहेब झोपेतच सावकाश जमिनीवर आले. जाग आली तेव्हा पाय फरशीला टेकलेले. "वा," ते म्हणाले, "आपोआप उतरवते. चांगली सोय आहे." आणि निघून गेले.

तेव्हापासून मी अशीच. दुरुस्तीवाले आले, पोटात डोकावले, च्च च्च करून गेले. मला वाईट वाटलं का, असं तुम्ही विचाराल. खुर्चीला काय वाटणार? तेल गळतं, तेवढं कळतं.

पुढे दुकान मालकाच्या मुलाकडे आलं. त्यांना सगळे मामा म्हणतात, कारण त्यांची भाची शेजारच्या खुर्चीवर काम करते आणि दिवसभर मामा मामा करते. (ती शेजारची प्लॅस्टिकची आहे. आमचं बोलणं नाही.) मामांनी माझ्या खोडीशी जुळवून घेतलं. डोक्याचे केस ते उभ्याने कापत. मी खाली गेले की कानामागचं कमरेत वाकून, मिशी उकिडवं बसून आणि हनुवटी चक्क गुडघे टेकून. नवीन माणसाला वाटायचं, न्हावी पाया पडतोय. एक जण तर भारावून म्हणाला, "अहो, उठा, उठा, असं काय करता!" आणि त्यांना उठवायला वाकला. त्याचा एक कल्ला कानाच्या वर गेला. दुसरा मामांनी मापाने तेवढाच वर नेला. एका बाजूला जे झालं ते दुसऱ्या बाजूलाही झालं पाहिजे, हा त्यांचा नियम होता. हा नियम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुकान मामांचं, पण तोंड अक्काचं. अक्का म्हणजे मामांची थोरली बहीण, भाचीची आई. ती गल्ल्यावर बसायची आणि येणाऱ्या प्रत्येक डोक्यावर मत द्यायची.

"काय रे, आधी कुणाकडे कापलेस? गुरं चरून गेली का?"

"अक्का, घरीच कापले हो, बायकोने."

"मग बायकोशी भांडण मिटव आधी. नंतर ये."

तिच्या मांडीवर एक करडी मांजर असायची. ती रोज दुकान उघडायला यायची, बसायची, आरशात बघायची आणि काहीही न देता जायची. म्हणून अक्काने तिचं नाव फुकटी ठेवलं. पुढे ती जायचीही बंद झाली. अक्काच्या मांडीवर नाहीतर माझ्यावर, अशा तिच्या दोनच जागा. मांजराच्या वजनाने मीसुद्धा फारशी खाली जात नाही. गेलेच, तर इतकी हळू, की तिला वाटायचं छतच वर चाललंय.

मग अक्का गेली. दवाखान्यात नेली आणि परत आणली ती तशीच. मामा रडले नाहीत. लोक येऊन सांगायचे, "मोकळे व्हा, मामा, रडून घ्या." मामा ऐकून घ्यायचे आणि विचारायचे, "साइडने बारीक करू का?"

हात चालत होते. कात्री, कंगवा, वस्तरा, तुरटी, आफ्टरशेव्ह. माणूस मात्र कुठेतरी ठेवून आल्यासारखा. गल्ल्यामागच्या खिळ्याला अक्काचा जाड लोकरी स्वेटर लटकत होता. भाची म्हणाली, "मामा, धुवून ठेवते." मामा म्हणाले, "असू दे." भाची म्हणाली, "निदान झटकते तरी." "असू दे." ती म्हणाली, "मामा, ही खुर्ची आता बदलू या. परवा एक गिऱ्हाईक उठताना म्हणालं, मी बसलो तेव्हा उंच होतो." मामा म्हणाले, "असू दे."

त्या दोन शब्दांमुळे मी वाचले, आणि त्याच दोन शब्दांमुळे फुकटीवर पुढचं संकट आलं. मी आनंद मानू की दुःख, काही कळेना. मग काहीच मानलं नाही.

थंडीची सकाळ होती. दारात एक टेम्पो उभा राहिला आणि ड्रायव्हर आत आला. भाची त्याला दाराशीच गाठून कुजबुजली, "आत्ता काही बोलू नका. मामांना आधी मी सांगते."

"सांगा की," ड्रायव्हर म्हणाला. "तोवर माझी दाढी होते का?"

तो माझ्यावर बसला. मामांनी फेस लावला, उजवा गाल केला. मी अर्ध्यावर आले होते, मामा उकिडवे बसणार, इतक्यात फुकटी गल्ल्यावर चढली. तिने अक्काचा स्वेटर ओढून खाली पाडला आणि त्याच्या बाहीत घुसली. थंडीत ती हे रोजच करायची. बाहीत गेली की शेपटी तेवढी बाहेर.

त्या दिवशी ती आत गेली आणि किंचाळली.

मांजर भांडताना ओरडतं ते वेगळं. हे तसं नव्हतं. ती उलटी बाहेर आली, मागचा डावा पाय चाटायला लागली, चार पावलं चालली आणि मागून बसली. पुन्हा उठायला गेली तर कंबर उठेना. तोंडातून लाळ गळायला लागली, पोट लाकडासारखं ताठ झालं.

"मामा! फुकटी!"

बाहीतून एक कोळी बाहेर आला. काळाकुळकुळीत, पोटाखाली लाल ठिपका. अक्का गेल्यापासून तो तिथे बिनभाड्याचा राहत असणार. स्वेटर कुणी हलवला नव्हता, झटकला नव्हता. त्याला तरी दोष कसा द्यायचा. तो गल्ल्यावर आला आणि अक्का बसायची बरोबर त्या जागी थांबला.

आरडाओरडा ऐकून शेजारचे घड्याळवाले काका धावत आले. डोळ्याला भिंग तसंच. त्यांनी वाकून कोळी बघितला आणि "अगं आई गं!" करून मागे उडी मारली, कारण भिंगातून तो कुत्र्याएवढा दिसला. सावरल्यावर म्हणाले, "काही नाही, कोळ्याचंच जाळं आणून जखमेवर बांधा. विष उतरतं."

"काका, तुम्ही घड्याळं लावा," भाची म्हणाली. तिने दाढीचा मग कोळ्यावर पालथा घातला, खालून कटिंगच्या नमुन्यांचा पुठ्ठा सरकवला आणि मग उचलला. "डॉक्टरांना दाखवायला लागेल कोणता आहे ते. मामा, चला! टेम्पो आहे!"

मामा वस्तरा धरून उभे होते. "कसला टेम्पो?"

"नवीन खुर्चीचा. मी मागवलीय. नंतर ओरडा माझ्यावर. आता चला!"

"आणि मी?" ड्रायव्हर म्हणाला. त्याचा उजवा गाल गुळगुळीत आणि डावा फेसाने पांढरा.

"तुम्हीच तर चालवणार आहात!"

असे सगळे गेले. मी गळ्यापाशी फेस सांडलेली, अर्ध्यावर थांबलेली. समोर आरशात रिकामं दुकान.

पुढचं मला ड्रायव्हरने सांगितलं, स्टुलावर बसून दुसरा गाल करून घेताना. फुकटीला टेम्पोत नव्या खुर्चीवर ठेवलं, प्लॅस्टिकच्या वेष्टनासकट. दवाखान्याच्या दारात डॉक्टरीणबाई ओरडल्या, "तिला हलवू नका!" म्हणून मामांनी आणि ड्रायव्हरने खुर्चीसकटच उचलून आत नेली. तिथे एक बाई पोपट घेऊन बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आम्ही आधी आलोय. खुर्ची घरून आणली म्हणून नंबर आधी लागत नाही." ड्रायव्हर त्यांच्याकडे वळला. अर्धा चेहरा फेसाचा बघून त्या पोपटासकट मागे सरकल्या.

डॉक्टरीणबाईंनी मगातला कोळी बघितला आणि लगेच विषावरचं इंजेक्शन काढलं. "बरं झालं आणलात. नाहीतर मी शोधत बसले असते." मग दुखणं थांबवायचं औषध दिलं, सलाईन लावलं. संध्याकाळी फुकटी परत आली. तिला माझ्यावर ठेवलं, कारण डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, तिच्या ओळखीच्या जागी ठेवा. नवी खुर्ची दवाखान्यातच राहिली. घाईत कुणाला आठवली नाही.

फुकटी जिवंत होती. पुढचे पाय हलत होते, डोळे उघडत होते. मागचे पाय मात्र पाण्यात भिजवलेल्या दोरीसारखे पडलेले.

डॉक्टरीणबाईंनी भाचीला नीट समजावलं होतं, आणि भाचीने मामांना तेच नीट समजावलं. दर थोड्या वेळाने कूस बदलायची. ड्रॉपरने भरवायचं. जखमेभोवतीचे केस काढून ती स्वच्छ ठेवायची. पाय हळू चोळायचे आणि रोज पंजाला चिमटा काढून बघायचं.

"चिमटा काढल्यावर ओरडली, ओरबाडलं, चावली, तर डॉक्टर म्हणाल्या आनंदाने फोन करा," भाची म्हणाली. "आणि गप्पच राहिली तर थांबू म्हणाल्या. पण कायमची गप्प राहिली तर..." तिने नाक ओढलं. "म्हणाल्या, कमरेने फरफटत मांजर किती दिवस काढणार. मग वेगळं इंजेक्शन. मामा, आईची मांजर आहे ही."

"हं," मामा म्हणाले आणि वस्तऱ्याला नवीन पातं लावलं.

केस काढायचं काम न्हाव्याला सांगितलं की काय होतं ते बघा. मामांनी डाव्या पायाचे केस काढले. इतके सफाईने, की त्या पायाला स्वतःची लाज वाटावी. मग थोडं मागे सरून बघितलं. नियम आठवतो ना? एका बाजूला झालं की दुसऱ्या बाजूला. त्यांनी उजवा पायही तेवढाच केला. मग शेपटीच्या मुळाशी सरळ रेघ घेतली, कारण कडा नीट दिसत नव्हती. हात आपले चालत होते, मामा त्यात नव्हतेच. हातांनी वस्तरा ठेवला, तुरटी फिरवली आणि सवयीने आफ्टरशेव्हची बाटली उचलून दोन्ही पायांवर फुसफुसवली.

"मामा!!"

"काय?"

"ती चाटेल ना ते! मांजर आहे, गिऱ्हाईक नाही!"

भाचीने तिथल्या तिथे फोन लावला. पलीकडून डॉक्टरीणबाईंचा आवाज सगळ्या दुकानात ऐकू आला. "काय फवारलंत? त्यात दारू असते! धुवा आधी! कोमट पाण्याने! आणि चाटू देऊ नका! कोणी फवारलं ते? त्यांना माझ्याकडे पाठवा, त्यांच्या गळ्यात पट्टा घालते!"

धुतली. पुसली. गरम टॉवेलात गुंडाळली. आता चाटू न देण्यासाठी काय? गळ्यात घालायचा नरसाळ्यासारखा पट्टा दुसऱ्या दिवशी मिळणार होता. मामांनी गिऱ्हाइकाच्या अंगावर घालायचं पांढरं कापड घेतलं, तिच्या मानेला सैलसर बांधलं आणि बाकीचं माझ्या हातांवरून पसरून खाली सोडलं. फुकटी आत, तोंड तेवढं बाहेर. पाठीमागून बघितलं तर कुणी बुटका गृहस्थ दाढीला बसलाय.

तेवढ्यात निवृत्त मास्तर आले. त्यांचा चष्मा नातवंडाने फोडला होता, त्यामुळे ते सगळ्यांशी अंदाजाने वागत होते.

"नमस्कार," ते माझ्याकडे बघून म्हणाले. "तुमचं होऊ द्या. मला घाई नाही."

आणि ते बाकावर बसले आणि बोलायला लागले. आजकालच्या मुलांवर बोलले, रस्त्यावरच्या खड्ड्यांवर बोलले, त्यांच्या गुडघ्यावर तर फारच बोलले. फुकटी औषधाच्या गुंगीत अधूनमधून मान हलवत होती. मास्तर हरखले.

"तुमच्यासारखा ऐकून घेणारा माणूस मिळत नाही हो आता. मामा, यांचं नाव काय?"

"फुकटी," मामा म्हणाले.

मास्तर बाकावर पुढे सरकले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "असो. वेळ काय, कुणावरही येते. नका लावू मनाला."

भाची खदखदून हसायला लागली. हसता हसता टॉवेल तोंडावर धरला आणि खांदे हलतच राहिले, पण ते हसणं नव्हतं. मास्तर गोंधळले. मामांनी टॉवेलाकडे बघितलं, मग मास्तरांकडे. "साइडने बारीक करू का?" ते म्हणाले.

मित्रांनो, आजारपणाचे दिवस सगळीकडे सारखेच असतात. सकाळी ड्रॉपर, दुपारी ड्रॉपर. कूस बदल, टॉवेल बदल. तिला लघवी कळत नव्हती, माझ्यावरच व्हायची. माझं कातडं फुगलं, मग तडकलं. गिऱ्हाइकं स्टुलावर बसून दाढी करून घेत होती आणि "एवढी मोठी खुर्ची रिकामी आहे की" म्हणत जवळ येऊन बघत होती आणि "अच्छा" म्हणून स्टुलावर परत जात होती. एकाने तक्रार केली की स्टूल खाली जात नाही, त्याला आता तीच सवय झाली होती.

डॉक्टरीणबाईंचा फोन यायचा. "काय म्हणते? चिमटा काढला?"

"काढला," भाची सांगायची. "काही नाही."

"बरं. चोळत राहा. आणि तुमची ती खुर्ची घेऊन जा. एक भला मोठा कुत्रा त्यावरून उतरतच नाही. मालक ओढतोय, मी ओढतेय."

भाचीने हिरमुसून फोन ठेवला. फुकटीची सूज उतरली होती, खात होती, आवाज देत होती. फक्त कमरेच्या मागचं सगळं कुणा दुसऱ्याचं असल्यासारखं होतं. चिमटा काढला की ती शांतपणे बघायची, की हा कोणाचा पाय तुम्ही चिमटताय?

मला ते ओळखीचं वाटलं. मामांचंही तसंच चाललं होतं.

घड्याळवाले काका एकदा भिंग वर करून बोलले, "मांजर कसंही टाका, चार पायांवर पडतं म्हणतात. पण पाय दोनच उरले की मग... जनावराचे हाल करू नयेत, मामा."

मामा वस्तरा पुसत राहिले. भाचीनेच तोंड उघडलं. "मामा, तुम्हीच बोला काहीतरी! आई गेली तेव्हाही असेच. ओरडा तरी! मी न विचारता खुर्ची मागवली, त्याबद्दल तरी ओरडा!"

"असू दे," मामा म्हणाले.

मग त्यांनी गुपचूप एक गोष्ट केली. स्वेटर भाचीने पिशवीत कोंबून कोपऱ्यात टाकला होता. तो काढून पुन्हा त्याच खिळ्याला अडकवला. न झटकता.

डॉक्टरीणबाई येऊन बघणार होत्या, त्या दुपारची गोष्ट. त्या काय ठरवायला येतायत ते सगळ्यांना ठाऊक होतं. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. भाची दारात उभी राहून रस्त्याकडे बघत होती. मामांनी दांडा दाबून मला वर घेतलं आणि फुकटीच्या पंजाला चिमटा काढला. काही नाही. दुसऱ्या पंजाला. काही नाही.

मग काही करायचं म्हणून त्यांनी तिच्या मागच्या पायांना चंपी सुरू केली. वडिलांनी शिकवलेली, फौजदाराला झोपवणारी. बोटांच्या टोकांनी खालून वर, मग अंगठ्याने गोल गोल, मग तळव्याने दाबून सोडायचं. ते जरासे माझ्यावर रेलले होते, त्या भाराने मी खाली चालले. ते सवयीने माझ्याबरोबर खाली आले. आधी कमरेत वाकले. मग उकिडवे बसले. मग गुडघे टेकले. आता त्यांचं तोंड फुकटीच्या तोंडासमोर होतं.

"अक्का असती," ते तिला म्हणाले, अगदी हळू, "तर तुला दोन शिव्या हासडल्या असत्या. शिव्यांनी उठली असतीस तू. मला नाही येत तसं."

फुकटीने त्यांच्याकडे बघितलं. मामांनी तळवा दाबला आणि सोडला.

आणि तिचा मागचा पाय झटकन आखडला. पाचर सुटावी तसा. पुन्हा सुटला तेव्हा नखं बाहेर होती. ती मामांच्या तळहातात शिरली, अंगठ्याच्या मुळापासून सरळ रेघ ओढत आली आणि माझ्या कातड्यात रुतली.

"आई गं!"

भाची धावत आली. "काय झालं?"

मामा हात डोळ्यांसमोर धरून बसले होते. रक्त मनगटावरून खाली येत होतं. ते असं बघत होते जणू हात आत्ताच कुणीतरी आणून जोडलाय.

"दुखलं," ते म्हणाले.

"कुठे? बघू."

"दुखलं गं." आवाज फुटला. "फार दुखलं."

आणि मामा तिथेच, फरशीवर, कापलेल्या केसांमध्ये बसून रडायला लागले. जखम एवढीशी होती, मित्रांनो. एवढ्या जखमेला एवढं कुणी रडत नाही. भाची आधी घाबरली. मग तिला कळलं. ती त्यांच्या शेजारी बसली आणि तिने एका हाताने मामांना धरलं आणि दुसऱ्या हाताने फोन लावला.

"डॉक्टर! ओरबाडलं! मागच्या पायाने!"

"कुणाला?"

"मामांना!"

"रक्त आलं?"

"भरपूर!"

"अभिनंदन! आलेच. आणि मामांना जखम साबणाने धुवायला सांगा, त्यांनाही इंजेक्शन लागेल."

भाचीने त्यांचा हात धुतला आणि वरून तुरटी फिरवली. मामा कळवळले. "अगं, झोंबतंय!"

"झोंबू दे," भाची म्हणाली. "आयुष्यभर लोकांना लावलीत."

घड्याळवाले काका दारात येऊन उभे होते. मामांनी ओल्या डोळ्यांनी वर बघितलं आणि ओरडले, "काय बघताय? जाळं आणलंय का बांधायला?" काका परत गेले. जाताना हसत होते. दुकानात अक्काचा आवाज आल्यासारखा वाटला, असं ते नंतर सगळ्यांना सांगत सुटले.

त्या संध्याकाळी मामांनी स्वेटर खिळ्यावरून काढला. रस्त्यावर नेऊन झटकला, उलटा करून झटकला, बाह्या आतून बाहेर काढल्या. धूळ उडाली, अक्काच्या केसांतला एक आकडा पडला आणि गल्लीतल्या सगळ्यांच्या डोक्यांचे थोडे थोडे केस पडले. आकडा त्यांनी खिशात घातला. स्वेटर धुतला, वाळवला आणि घडी करून माझ्यावर अंथरला.

फुकटी हळूहळू उभी राहिली. आधी लटपटत, दारुड्यासारखी. मग भिंतीच्या आधाराने. डावा पाय अजून थोडा ओढते. केस परत आले, पण मामांनी रेघ इतकी सरळ घेतली होती की शेपटीच्या मुळाशी अजून चड्डी घातल्यासारखी दिसते. उंच उडी तिला जमत नाही. माझ्यावर चढायला मामा उचलतात. उतरायला उचलावं लागत नाही. मामांनी वर घेतलं की ती स्वेटरवर बसून राहते, मी माझ्या वेगाने खाली जाते, आणि फरशी जवळ आली की ती पुढचे पाय टेकून निघून जाते. नवी खुर्ची असती तर ती वरच अडकली असती. नवी खुर्ची दवाखान्यातच आहे. कुत्रा उतरलेला नाही. भाची म्हणाली, "असू दे, राहू दे तिथेच."

परवा कातडं शिवणारा आला होता. तडकलेलं सगळं त्याने शिवलं. नखांची भोकं बुजवायला गेला तेव्हा मामांनी त्याचा हात धरला. "तेवढी ठेव."

मित्रांनो, जाता जाता सांगते. घरातलं माणूस गेलं की त्याचे कपडे लगेच टाकू नका, पण खिळ्यालाही टांगून ठेवू नका. झटका, उन्हात घाला, वापरा. नाहीतर त्यात कोण राहायला येईल सांगता येत नाही. मांजराला काही चावलं तर डॉक्टरकडे न्या, आणि चावणाऱ्याला मगाखाली घालून बरोबर न्या. आफ्टरशेव्ह लावू नका. आणि कुणी बधिर झालेला दिसला, मग तो पाय असो की माणूस, तर चोळत राहा. लगेच काही होत नाही. ओरबाडलं की समजायचं, भान आलं.

मला स्वतःला काही वाटतं की नाही, अजून ठाऊक नाही. पण नखांच्या त्या तीन भोकांवर बोट ठेवलं की मी थोडी जास्त खाली जाते, असं भाची म्हणते.